होटगी रस्ता विमानतळ आणि रेल्वे थांबा : निवेदनातील तिसरा परिच्छेद

प्रेषक : सचिव, टोरांटो

सप्रेम नमस्कार.

सोलापूरचा होटगी रस्ता विमानतळ रेल्वेने जोडावा, यासाठी अप्पा सोमवारी सकाळी सोलापूरच्या विभागीय रेल्वे कार्यालयात आपल्या मंडळाचे निवेदन देणार आहेत. त्यामुळे तिसऱ्या परिच्छेदाचा निर्णय रविवारी रात्रीपर्यंत व्हायलाच हवा. बाकीचा मसुदा सर्वांना मान्य आहे. त्यावर कृपया पुन्हा चर्चा नको. प्रश्न एवढाच उरला आहे की, ‘सोलापूर स्थानकापासून विमानतळापर्यंत स्वतंत्र रेल्वे फाटा टाकावा’ हे माधवचे वाक्य ठेवायचे, की ‘टिकेकरवाडी येथे गाड्यांना पुरेसे थांबे द्यावेत आणि तेथून टर्मिनलपर्यंत बस सोडावी’ हे अप्पांचे. (टिकेकरवाडी हे सोलापूर-होटगी मार्गावरील स्थानक.) दोन्ही मागण्या एकाच पत्रात घातल्या तर दोन्ही बाजूला पडतील, असे नानांचे मत आहे आणि ते मला पटते.

---

प्रेषक : अप्पा, सोलापूर

सर्वांना नमस्कार.

मी सात रस्त्याजवळ राहतो. गोव्याच्या विमानासाठी एकदा आणि मुंबईच्या विमानासाठी दोनदा होटगी रस्त्याला गेलो, ते तिन्ही वेळा रिक्षाने आणि तिन्ही वेळा वेगळे भाडे देऊन. विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे अंतराची तक्रार मी करणार नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दरात मिळणारे वाहन नाही, ही तक्रार आहे.

गोव्याची सेवा 9 जून 2025 रोजी आणि मुंबईची 15 ऑक्टोबर 2025 रोजी सुरू झाली. ही विमाने साधारण 70 ते 76 आसनांची आहेत. एका विमानातील सगळी माणसे रेल्वेनेच शहरात यायची म्हटली तरी त्यांना एक डबा पुरेल. एवढ्या प्रवाशांसाठी नवा फाटा मागितला, तर रेल्वेचा अधिकारी पहिल्या पानावरच थांबेल. याउलट सोलापूर-होटगी लोहमार्ग आज आहे, तो होटगी रस्त्याच्याच दिशेने जातो आणि होटगी जंक्शनवरून एक वाट विजापूर-गदगकडे, तर दुसरी गुलबर्गा-वाडीकडे फुटते. होटगी रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, कुमठ्याच्या साखर कारखान्यावर जाणारी माणसे, फताटेवाडीच्या वीज प्रकल्पावरील कर्मचारी आणि होटगीहून शहरात शिकायला येणारी मुले या सर्वांची ये-जा याच पट्ट्यात आहे. थांबा त्यांच्यासाठी मागावा आणि विमानप्रवाशांनी त्याचा लाभ घ्यावा, असा माझा क्रम आहे.

आणखी एक गोष्ट परदेशातील मंडळींच्या ध्यानात राहत नाही. 15 जून 2023 रोजी कुमठ्याच्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली, कारण ती विमानांच्या वाटेत अडथळा ठरत होती. त्या चिमणीपायी गावात किती वर्षे वाद चालला, हे येथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. आता त्याच परिसरात विजेच्या तारा आणि खांब घेऊन फाटा धावपट्टीजवळ न्यायचा म्हटले, तर प्रत्येक खांबाच्या उंचीसाठी विमानतळाची ना-हरकत लागेल. मला तो वाद पुन्हा उकरायचा नाही.

---

प्रेषक : माधव, मिसिसागा

अप्पा, सादर नमस्कार.

प्रवासीसंख्येचा आपला हिशेब बरोबर आहे; पण स्वतंत्र फाटा म्हटले की सगळेजण पूर्ण नवा मार्ग डोळ्यांसमोर आणतात, ते बरोबर नाही. आमच्याकडे टोरांटोचे युनियन स्थानक ते पिअर्सन विमानतळ ही गाडी 6 जून 2015 रोजी सुरू झाली. तिच्यासाठी नवा बांधलेला उन्नत फाटा जेमतेम 3 किलोमीटरचा आहे. उरलेला सगळा प्रवास आधीच असलेल्या रुळांवरून होतो. दर 15 मिनिटांनी गाडी सुटते आणि 25 मिनिटांत विमानतळाच्या इमारतीला लागूनच उभी राहते. बॅग उचलून रस्ता ओलांडावा लागत नाही, हेच तिचे मोठेपण आहे. आपण आज थांबा मागितला, तर पुढची वीस वर्षे ‘तुम्हाला थांबा दिला आहे’ हेच उत्तर मिळेल. मागणी पूर्ण करावी आणि मग टप्पे पाडावेत.

दिल्लीची विमानतळ मेट्रोसुद्धा फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाली, जुलै 2012 मध्ये पुलाच्या बेअरिंगमधील दोषांमुळे बंद ठेवावी लागली आणि जानेवारी 2013 मध्ये पुन्हा सुरू झाली. अडचणी येतात, पण मार्ग असेल तर तो दुरुस्त होतो.

---

प्रेषक : सुनंदाताई, टोरांटो

माधव, तू सांगितलेल्या गाडीची अर्धीच गोष्ट सांगितलीस, म्हणून लिहिते.

मी टोरांटोच्या वेस्टन भागात राहत असे आणि ती गाडी माझ्या घरामागून जात असे. पहिल्या दिवसापासून रोख भाडे 27 डॉलर 50 सेंट होते, प्रवासकार्डावर 19 डॉलर. विमानप्रवासी तेवढे देतील असे गृहीत धरले होते आणि शेजारच्या वस्तीने ती गाडी आपली समजावी, असा कोणाचा विचारही नव्हता. डबे रिकामे जात. मार्च 2016 मध्ये भाडे 12 आणि कार्डावर 9 डॉलरवर आणले, तेव्हा कामावर जाणारी माणसे चढू लागली. पिअर्सनवरून 2024 मध्ये 4 कोटी 60 लाखांहून अधिक प्रवाशांनी ये-जा केली. एवढ्या मोठ्या विमानतळाची गाडीसुद्धा रोजच्या प्रवाशांवाचून भरली नाही, तर 76 आसनांच्या विमानावर आपला फाटा कसा चालेल? अप्पा कामगारांना आधी ठेवतात ते याच कारणासाठी योग्य आहे.

मात्र थांब्याविषयी मला भीती आहे आणि ती अप्पांनी मनावर घ्यावी. बेंगळुरूच्या विमानतळासाठी जानेवारी 2021 मध्ये यलहंका-देवनहळ्ळी मार्गावर असाच थांबा सुरू झाला. तिकीट अगदी स्वस्त, इमारत नवी, टर्मिनलपर्यंत बसची सोय. तरीही प्रवासी फार थोडे, कारण गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा विमानांशी जुळत नाहीत. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास होता. एकदा दुसऱ्याच एका शहरात तिला घेऊन अशाच एका थांब्यावर उतरले, तर बस नुकतीच निघून गेली होती आणि पुढची केव्हा येणार हे सांगायलाही तेथे कोणी नव्हते. पावसात दोन बॅगा आणि आई, एवढे सांभाळत मी पाऊण तास उभी होते. तेव्हापासून ‘तेथून बस सोडावी’ हे तीन शब्द मला पुरेसे वाटत नाहीत. बस कोणी चालवायची आणि गाडी उशिरा आली तर ती थांबायची की नाही, हे निवेदनात असले पाहिजे.

---

प्रेषक : नाना, स्कारबरो

सुनंदाताईंचे म्हणणे वाचले. बसचा तपशील चौथ्या परिच्छेदात घालण्याचे उपसमितीत ठरले होते आणि तो मी लिहिलेला आहे. तो येथे परस्पर बदलला जाऊ नये, एवढी विनंती. उपसमितीच्या बैठकांना जे आले नाहीत, त्यांनी निदान तो मसुदा वाचून मग सूचना कराव्यात.

माझा मुद्दा वेगळा आहे. बोरामणीच्या नव्या विमानतळाचा प्रस्ताव कागदावर जिवंत आहे. बोरामणी हैदराबाद रस्त्यावर आहे, होटगीच्या लोहमार्गावर नाही. उद्या विमाने तिकडे गेली, तर माधवचा फाटा ओसाड पडेल. अप्पांचा थांबा मात्र कामगारांना उपयोगी पडत राहील. एवढ्यासाठी मी अप्पांच्या बाजूने आहे.

जाता जाता, आपल्या लोकांना खरी गरज मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाची आहे. वंदे भारतने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोची तीन क्रमांकाची मार्गिका तेथूनच थेट टर्मिनल दोनला नेते. यंदा माझा मेहुणा तसाच आला आणि टॅक्सीची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला. ही माहिती मंडळाच्या पत्रकात यावी.

---

प्रेषक : माधव, मिसिसागा

नाना, मेट्रोची माहिती पत्रकात अवश्य यावी. बोरामणीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो. फाट्याचे वाक्य मागे घेतो. पण ‘भविष्यात टर्मिनलपर्यंत मार्ग नेण्यास वाव राहील, अशा रीतीने जागा मोकळी ठेवावी’ एवढे तरी असावे. जागा एकदा गेली की परत मिळत नाही. वेस्टनमध्ये घरांच्या खिडक्यांखालून गाडी न्यावी लागली, हे सुनंदाताईंनी स्वतः पाहिले आहे.

---

प्रेषक : अप्पा, सोलापूर

सुनंदाताई, तुमच्या आईंची हकीकत वाचून मी आज दुपारी पुन्हा होटगी रस्त्याला गेलो. नकाशावर बोट ठेवून लोहमार्ग आणि टर्मिनल यांतील अंतर थोडे दिसते. पण प्रवासी भिंतीतून जात नाही, तो फाटकाने जातो. चेन्नईला तिरुसुलम स्थानक विमानतळाच्या समोरच, रस्त्यापलीकडे आहे आणि भुयारी वाटेने माणूस बॅग ओढत पोहोचतो. आपल्याकडे तशी वाट निघते का, हे चालून मोजल्याशिवाय लिहू नये. शनिवारी सकाळी माझा पुतण्या आणि मी दोघे टिकेकरवाडीच्या फलाटापासून टर्मिनलच्या दारापर्यंत प्रत्यक्ष चालणार आहोत, एक भरलेली बॅग घेऊन. जितकी मिनिटे लागतील तितकीच लिहू.

गाड्यांच्या वेळांविषयी सुनंदाताई म्हणतात ते मला पूर्ण मान्य आहे. विमानांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, रेल्वेचे वेळापत्रक तसे बदलत नाही. म्हणून पॅसेंजर गाडीने विमानाची वेळ पाळावी असे न मागता, सकाळी आणि संध्याकाळी कामाच्या वेळेला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना थांबा मागावा, आणि बसने विमानाची व गाडीची अशी दोन्हींची वेळ पाळावी. बस विमानतळ व्यवस्थापन आणि महापालिका यांनी मिळून चालवावी. होटगीपर्यंत मालगाड्यांचाही राबता मोठा आहे, कोळसा आणि सिमेंट याच मार्गाने जातात. जास्त थांबे मागितले तर मार्ग मोकळा नाही हे उत्तर येईल. दिवसाला चार थांबे मागू, पण ते नक्की वेळेचे मागू.

नाना, चौथ्या परिच्छेदाला मी हात लावलेला नाही. गाडी उशिरा आली तर बस थांबेल, एवढे वाक्य त्यात आपणच आपल्या शब्दांत घालावे.

---

प्रेषक : सचिव, टोरांटो

तिसरा परिच्छेद आता असा आहे : ‘सोलापूर-होटगी मार्गावरील टिकेकरवाडी येथे सकाळी दोन व संध्याकाळी दोन गाड्यांना निश्चित वेळेचा थांबा द्यावा. तेथून विमानतळाच्या प्रवेशद्वारापर्यंत सामानासह चालत जाण्यास _ मिनिटे लागतात, हे लक्षात घेऊन जोडबस आणि सुरक्षित पायवाट यांची सोय व्हावी. भविष्यात रेल्वेमार्ग टर्मिनलपर्यंत नेण्यास वाव राहील, अशा रीतीने जागा राखून ठेवावी.’

नाना, आपले वाक्य शुक्रवारपर्यंत पाठवावे. अप्पा, मोकळ्या जागेतील आकडा शनिवारी दुपारी फोन करून सांगा. ई-मेलची वाट पाहत नाही.