पार्किंगमध्ये परत तेल

देशमुख ए-१०४: बी विंगखाली परत तेल सांडलंय. फरशीवर नुकताच इपॉक्सी मारलाय, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले हे सगळ्यांना माहीत आहे. कोणाची गाडी, नाव घेत नाही.

जोशी काकू: नाव घेत नाही म्हणालात, फोटोत नंबर प्लेट अख्खी दिसतेय 😄

रोहन बी-४०२: काका, माझीच रॉयल एनफिल्ड क्लासिक आहे. २०१२ ची. पण इंजिन कोरडं आहे, आत्ताच खाली जाऊन पाहिलं.

देशमुख ए-१०४: मागच्या वेळीही हेच ऐकलं होतं.

सावंत बी-२०३: देशमुख साहेब, डाग पुढच्या चाकाखाली आहे. इंजिनचं तेल तिथे पडत नाही, हे शॉकअपचं आहे, म्हणजे चाकाचे दणके झेलणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांमधलं. रोहन, शॉकअपच्या दोन्ही पाईपांवरून बोट फिरव. तेलाचं कडं दिसतंय का?

पाटील (सचिव): सर्व सभासदांना नम्र विनंती. नियम क्र. ११ : पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती अथवा धुलाई करू नये. 🙏

रोहन बी-४०२: एका बाजूला आहे. डिस्कच्याच बाजूला. ओघळ पार ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत आलाय.

फर्नांडिस अंकल: मग गाडी हलवू नको रे बाबा. डिस्कवर तेल म्हणजे पुढचा ब्रेक नाहीच असं समज. डिस्क ब्रेक क्लीनरने पूस. पॅडनी तेल पिलं असेल तर घासून उपयोग नाही, नवे घाल.

कदम सी-१०१: एवढं काय त्यात. शॉकअपचं तेल बदला, थोडं जाड टाका, गळायचं थांबेल. सगळे इंजिन ऑइलच टाकतात, २०डब्ल्यू४०.

सावंत बी-२०३: कदम, गळतं ते सीलमधून, म्हणजे पाईपभोवतीच्या रबरी कड्यातून. सील तसंच ठेवून नवं तेल ओतलं तर नवं तेल गळेल, एवढाच फरक. आणि इंजिन ऑइलने शॉकअप दगड होतो. खड्ड्यात दबला की वर यायला वेळ लागतो, तोवर दुसरा खड्डा हजर. तीन-चार खड्डे लागोपाठ आले की दबलेलाच राहतो, मग सगळा दणका हँडलला.

कदम सी-१०१: आमच्याकडचे मेकॅनिक वर्षानुवर्षं टाकतात. त्यांना कळत नाही का?

फर्नांडिस अंकल: कळतं. दुकानात तोच डबा उघडा असतो, म्हणून टाकतात.

जोशी काकू: टँकर आला का कोणी सांगेल का?

पाटील (सचिव): काकू, पाण्याचा विषय दुसऱ्या ग्रुपवर. आणि पुन्हा एकदा : नियम क्र. ११ : पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती अथवा धुलाई करू नये. 🙏

रोहन बी-४०२: सावंत काका, सील लगेच बदलावंच लागेल का? आणि तेल किती, कुठलं?

सावंत बी-२०३: आधी फुकटचा उपाय कर. डस्ट सील, म्हणजे वरचं धूळ अडवणारं रबर, छोट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद वर सरकव. बाटलीच्या पातळ प्लास्टिकची पट्टी काप, टोकाला हुकासारखा आकडा कर, आतल्या सीलच्या ओठात, म्हणजे पाईपला टेकलेल्या कडेत, घालून गोल फिरव. पुष्कळदा तिथे वाळूचा एखादा कण अडकलेला असतो, तो निघाला की गळती थांबते. नाही थांबली तर पाईप बघ. गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही आठवडाभरात फाटेल. बारीक ओरखडा असेल तर १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढाच भाग घास. खड्डे खोल असतील तर पाईपच बदलावा लागेल.

फर्नांडिस अंकल: क्लासिकच्या पुस्तकात एका पायाला, म्हणजे एका बाजूच्या शॉकअपला, १९५ मिली दिलंय, ग्रेड २डब्ल्यू३५. दोन्ही मिळून ३९०. अर्ध्या लिटरची बाटली आण.

कदम सी-१०१: अंकल, २०० टाका ना सरळ. पाच मिलीने काय होतंय?

सावंत बी-२०३: पाच मिलीने फारसं नाही. पण पायात थोडं जुनं तेल राहतंच, ते उपसून निघत नाही. त्यावर पूर्ण माप ओतलं की १५-२० मिली सहज जास्त होतं. तेलाच्या वर जी हवा असते ती पण स्प्रिंगचं काम करते. तेल वाढलं की हवेला जागा कमी, दाब वाढतो, शॉकअप शेवटी कडक होतो आणि सील फुटतं. कमी पडलं तर ब्रेक मारल्यावर पुढचा भाग नाक खुपसतो. म्हणून फक्त मापावर जाऊ नको रोहन. स्प्रिंग बाहेर काढून, पाय पूर्ण दाबून, पाईपच्या वरच्या तोंडापासून तेलापर्यंत पट्टी घालून बघ. दोन्ही बाजूंना अंतर सारखंच आलं पाहिजे.

देशमुख ए-१०४: शाळा उत्तम चालली आहे. फरशीचं काय?

जोशी काकू: भाऊजी, लाकडाचा भुसा टाका. तो तेल पितो. मग झाडून निरमा लावा.

पाटील (सचिव): भुसा गटारात जाणार नाही याची काळजी घ्यावी. नियम क्र. ११...

सावंत बी-२०३: सचिव साहेब, अकरावा नियम आता तोंडपाठ झालाय. जिमचं मशीन पार्किंगमध्येच उघडलं तेव्हा तो कुठे होता?

पाटील (सचिव): ती सोसायटीची मालमत्ता होती. वैयक्तिक टिप्पणी टाळावी.

*हा संदेश हटवण्यात आला आहे.*

कदम सी-१०१: मी वाचला 😂

रोहन बी-४०२: काका, उघडायचं कसं ते सांगा ना. पहिल्यांदाच करतोय.

सावंत बी-२०३: डबल स्टँड लाव, इंजिनखाली फळी आणि जॅक. पुढचं चाक जमिनीवरून उचललेलंच हवं. चाक जमिनीवर ठेवून पाईपांच्या वरच्या दोन्ही टोप्या काढल्या तर गाडीचा पुढचा भाग खाली बसतो. एका वेळी एकच बाजू उघड. टोपीखाली स्प्रिंग दाबून बसलेली असते, म्हणून शेवटच्या दोन आट्यांना तळहाताने टोपी दाबून धर आणि तोंड बाजूला ठेव. काही गाड्यांना वरच्या टीत, म्हणजे दोन्ही पाईप धरणाऱ्या वरच्या पट्टीत, क्लॅम्प बोल्ट असतो, तो आधी सैल कर, नाहीतर टोपीचे आटे जातात.

फर्नांडिस अंकल: खाली ड्रेन स्क्रू असेल तर तिथून तेल काढ, खाली भांडं ठेव. पण बाजूचा छोटा स्क्रू वेगळा आणि पायाच्या अगदी तळाशी, मधोमध असलेला एलन बोल्ट वेगळा. तो एलन आतला डॅम्पर रॉड, म्हणजे उसळी आवरणारी दांडी, धरून ठेवतो. तो ढिला केलास तर रॉड आत गरगर फिरत बसतो, बोल्ट ना निघत ना घट्ट होत, आणि तिथूनही गळायला लागतं.

सावंत बी-२०३: बरोबर. आणि सील बदलायचं असेल तर तोच एलन काढावा लागतो. तेव्हा तो टोपी उघडायच्या आधीच ढिला कर, स्प्रिंगच्या दाबाने रॉड आत अडकून राहतो. परत बसवताना त्याचा तांब्याचा वॉशर नवा. ड्रेन स्क्रूचाही नवा. बॉटम, म्हणजे पायाचा खालचा जाड भाग, ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावलास तर आटे गेलेच.

रोहन बी-४०२: सील कसं ठोकायचं? त्याचं खास टूल असतं ना?

फर्नांडिस अंकल: पाईपवरून सरकेल असा पीव्हीसीचा तुकडा घे, टोक सरळ कापलेलं. सीलवर ठेव आणि वरून हलके हलके ठोक. पाईपच्या तोंडाला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळ, सीलच्या ओठाला शॉकअपचंच तेल लाव. कोरडं सरकवलंस तर ओठ तिथेच कापला जातो.

सावंत बी-२०३: मोजायला मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आण, पुढे नळी लाव. बाटलीवरच्या रेघांवर विसंबू नको. तेल ओतलं की पाय सावकाश दहा-पंधरा वेळा वरखाली कर, हवा निघेपर्यंत. दहा मिनिटं थांबून मग पातळी बघ. टोपीची ओ-रिंग (गोल रबरी कडी) चपटी झाली असेल तर नवी घाल. टोपी आधी हातानेच लाव, वाकडी चढली तर थांब.

देशमुख ए-१०४: जुनं तेल कुठे ओतणार? मागे कोणीतरी झाडाला घातलं होतं.

सावंत बी-२०३: झाडालाही नाही, गटारातही नाही. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरतात, २०१६ च्या नियमांत आहे. बाटलीत भरून गॅरेजला द्या, त्यांचा तेल नेणारा ठरलेला असतो.

पाटील (सचिव): हे योग्य बोललात. रविवारी सकाळी ९ ते ११, खाली ताडपत्री, फक्त या एका वेळेसाठी. पायंडा पडू नये ही विनंती. 🙏

रोहन बी-४०२: थँक्यू सर 🙏 काका, एकच बाजू गळतेय, मग सील एकच आणू?

सावंत बी-२०३: दोन्ही. दुसरं पण तेवढंच जुनं आहे. तेल तर दोन्हीकडचं बदलायचंच, एकीकडे नवं आणि एकीकडे राखाडी पाणी असं चालत नाही. झाल्यावर पुढचा ब्रेक धरून हँडल दाब आणि सोड. एकदा वर येऊन थांबलं पाहिजे. डुलत राहिलं तर तेल कमी किंवा पातळ, रेंगाळत वर आलं तर जाड.

कदम सी-१०१: माझ्या पल्सरला ब्रेक मारताना पुढून खट्ट आवाज येतो. तेलच ना?

सावंत बी-२०३: खड्ड्यात येत असेल तर तेल. ब्रेक मारताना येतो तर आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघा. पुढचं चाक उचलून शॉकअपचे बॉटम दोन्ही हातांनी धरा, मागेपुढे हलवा. हँडलच्या बुडाशी खेळ जाणवला तर कोनसेट ढिला आहे, कितीही तेल बदला. आणि २०डब्ल्यू४० असेल आत, तर ते पण काढा.

कदम सी-१०१: रविवारी ताडपत्री केवढी आहे? दोन गाड्या बसतील का?