मदत हवी आहे: गावाकडचा जुना टीव्ही, फ्री डिश आणि दोन रिमोट

नमस्कार मंडळी,

रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावी जुना, मागं पोट असलेला टीव्ही आहे. त्याला डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची महिन्याचे पैसे न लागणारी डिश, लावायची आहे. अट एकच, पंचाहत्तरीच्या वडिलांना ती कुणाला हाक न मारता चालवता आली पाहिजे. मी पुण्यात असतो, उठसूट गावी जाणं होत नाही.

आधी घरावर लोखंडी पाइपला अँटेना होता, तोंड अंबाजोगाईच्या टॉवरकडे. वारं सुटलं की चित्रात मुंग्या यायच्या, मग दादा, म्हणजे वडील, स्वतः माळवदावर चढून पाइप फिरवायचे. चित्र खराब असलं तरी बातम्या ऐकू यायच्या, आणि दुरुस्ती आपल्या हातात होती. पुढं गावात केबल आली. केबलच्या डिजिटलीकरणात खेडी चौथ्या टप्प्यात होती, २०१६ अखेरची मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ केली गेली. आमच्या केबलवाल्यानं यंत्रणा बदलायच्या ऐवजी धंदाच गुंडाळला. मग एका खासगी कंपनीची डिश घेतली. १ फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल निवडायची पद्धत आली तेव्हा नुसत्या पहिल्या १०० चॅनेलचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पैशाचे चॅनेल आणखी वेगळे. आणि दादा बघतात काय, तर सह्याद्रीवरच्या बातम्या आणि ‘आमची माती आमची माणसं’!

रिचार्ज मी मोबाइलवरून करतो. मुदत संपली की पडद्यावर इंग्रजी पाटी येते आणि दादांचा फोन येतो, “टीव्ही पैसे मागलालाय.” त्या वेळी गावात लाइट नसेल तर पैसे भरूनही उपयोग नाही. लाइट आल्यावर बॉक्स चालू ठेवून वाट बघत बसायचं.

खरी पंचाईत पुढंच आहे. लाइट जाऊन आली की टीव्ही आपोआप एक नंबरवर जातो आणि सगळ्या मुंग्या. मग टीव्हीच्या रिमोटवर एव्हीचं, म्हणजे बॉक्सचं चित्र पडद्यावर आणायचं, बटण दाबायचं, बाकी सगळं बॉक्सच्या रिमोटवर. दोन्ही रिमोट काळे, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेले. मायनं एव्हीच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. दादा बिनचष्म्याचे तो ठिपका चाचपतात आणि शेजारचं बटण दाबून आवाज बंद करतात. मग टीव्ही बिघडला म्हणून पुन्हा फोन.

तर, आहे तीच डिश फ्री डिशला चालेल का? बॉक्स कोणता घ्यावा? आणि हे एव्हीचं झेंगट कायमचं सुटेल असं काही आहे का? नवा स्मार्ट टीव्ही घ्या असं कृपया सांगू नका. गावात लाइट गेली की थोड्या वेळात मोबाइलचा टॉवरही झोपतो.

– सोयाबीनचा_भाव

*

डोंगरवाट: डिश लावायचीच कशाला? दूरदर्शननं जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलंय ना, साधा अँटेना चालतो म्हणे.

सोयाबीनचा_भाव: ते २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केलं होतं. त्यात मराठवाड्यातलं फक्त औरंगाबाद होतं. रेणापूर कुठं आणि संभाजीनगर कुठं! आणि जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर तर दूरदर्शननं मार्च २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले. अँटेनाचा पाइप आता वाळवणाच्या दोरीला आहे.

तारमास्तर: मी डिश फिटिंगचंच काम करतो, उदगीर-अहमदपूर भागात. भाऊ, डिश आणि तिच्यापुढचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, बहुतेक वेळा तोच चालतो. नवा बॉक्स घ्या आणि डिश फिरवून घ्या. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. आपल्या भागातून आग्नेयेला, आकाशात साधारण ६० अंश वर. फिटिंगवाल्याला उपग्रह नीट सांगा, कारण शेजारीच ९५ अंशावर दुसऱ्या कंपनीचा उपग्रह आहे. नवशिका पोरगा तिथंच लावतो, सिग्नलची पट्टी हिरवी दिसते आणि चॅनेल एक येत नाही.

बॉक्स एमपेग-४ चाच घ्या. एमपेग म्हणजे चॅनेल दाबून पाठवायची पद्धत, २ जुनी, ४ नवी. एमपेग-२ वाला स्वस्तात गळ्यात मारतात, त्यावर निम्मा माल दिसत नाही. एमपेग-४ वर दोन्ही दिसतं.

डिश पत्र्याला ठोकलेली असेल तर काढा. अँटेना हलला तर चित्र हलायचं, एवढंच. डिश बोटभर हलली की चित्र चौकोन चौकोन होऊन थिजतं, आवाजही तुटतो. भिंतीला घ्या, नाहीतर सिमेंटमध्ये पाइप गाडा. जोराच्या पावसात थोडा वेळ जाणारच, तेव्हा कुणी काही करू नये. म्हातारी माणसं घाबरून बटणं दाबत बसतात आणि सेटिंग घालवतात.

आता एव्ही. बऱ्याच बॉक्सच्या रिमोटवर वर चार वेगळी बटणं असतात, टीव्ही चालू-बंद, एव्ही आणि आवाजाची दोन. ती शिकणारी बटणं असतात. दोन्ही रिमोट समोरासमोर धरून टीव्हीच्या रिमोटचं काम त्यांना शिकवता येतं. घेताना दुकानदाराला तेवढं विचारा. मग टीव्हीचा रिमोट कपाटात टाका. बॉक्समध्ये आवडत्या चॅनेलची यादी करून फक्त सह्याद्री आणि बातम्या ठेवा.

गोदाकाठची: तारमास्तरांनी सगळं सांगितलं, पण घरात बाईमाणूस काय बघतं ते कुणी विचारलंच नाही. फ्री डिशवर मोठ्या खासगी वाहिन्यांच्या चालू मालिका मिळत नाहीत. खासगी चॅनेलच्या जागा लिलावानं जातात, त्यामुळे आज आहे ते चॅनेल उद्या गायब. आमच्या सासूबाईंचं लाडकं चॅनेल असंच गेलं, आठवडाभर स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजत होती. तुमच्या आईंना विचारलंत का?

सोयाबीनचा_भाव: ताई, आत्ताच फोन केला. माय म्हणाली, “बातम्याच ऐकायच्या तर पारावर जा की, माझी मालिका कशाला बंद करता?” म्हणजे साडेसातला घरात दोन पक्ष आहेत आणि मला एकाच पक्षाची माहिती होती.

तारमास्तर, मनापासून आभार. शिकणाऱ्या बटणांचं काही माहीत नव्हतं. आता असं करावं म्हणतो: जुना बॉक्स मायसाठी लहान पॅकवर चालू ठेवायचा, फ्री डिशला वेगळी डिश लावायची. पण टीव्हीला मागं एव्हीची जागा एकच आहे. लातूरला गंजगोलाईत एक दुकानदार म्हणाला, दोन बॉक्स एका टीव्हीला जोडायचं दाबाच्या बटणाचं स्विच मिळतं, त्याला लाइटही लागत नाही. असं स्विच कुणी वापरलंय का? चित्रात फरक पडतो का? आणि एकच शिकवलेला रिमोट दोन्ही बॉक्सना चालणार नाही हे खरं ना, म्हणजे रिमोट परत दोनच?

तारमास्तर: स्विच चालतं, फरक पडत नाही. पिना घट्ट बसणाऱ्या बघून घ्या, हलक्या घेतल्या तर आवाज एकाच बाजूनं येतो. रिमोट दोनच राहणार. पण दोन्हींवर एव्ही शिकवून टाका, आणि मायचा रिमोट वेगळ्या रंगाचा बघा.