मदत हवी आहे: नायट्रस (भुलीचा वायू) नेमका जातो कुठं, आणि सेवो (सेवोफ्लुरेन, वाफ करून देतात ते भुलीचं औषध) कसा वाचवायचा?

उदगीरकर_भूल:
नमस्कार. ३० खाटांचा दवाखाना, दोन ओटी. भुलीचं मशीन साधं बॉईल. सर्कल ॲब्सॉर्बर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून वायू पुन्हा वापरणारी जोडणी) आहे, पण पडून. सगळं बेनवर (वायू पुन्हा न वापरणारं साधं सर्किट) चालतं. कॅप्नो (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) चालू, भुलीच्या वायूंचं प्रमाण दाखवणारा गॅस मॉनिटर नाही, ऑक्सिजन ॲनालायझर बंद. महिन्याला जनरल ॲनेस्थेशियाच्या २० केसेस, सरासरी तासभर, नायट्रस मिनिटाला २ लिटरनं. तरी ३० किलोचा जम्बो सिलिंडर महिन्यात संपतो. गेज हलत नाही म्हणून टेक्निशियन म्हणतो गळती नाही. खर्चही कमी करायचाय आणि हवेत जाणारा वायूही. सुरुवात कुठून करू?

पाइपलाइनवाला:
सर, गेजवर जाऊ नका. सिलिंडरमध्ये नायट्रस द्रवरूपात असतो. द्रव संपेपर्यंत प्रेशर ५० बारच्या आसपासच दिसतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. ३६.५ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, त्यामुळं पत्र्याच्या शेडमधलं गेज दुपारी एक सांगतं, पहाटे दुसरंच. वजन करा.

तुमचाच हिशेब: २० केसेस × ६० मिनिटं × २ लिटर = २४०० लिटर. एका किलोचे साधारण ५४० लिटर होतात, म्हणजे पेशंटला साडेचार किलो. उरलेले २५ किलो गळतात. १०० वर्षांच्या हिशेबानं नायट्रस कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे महिन्याला जवळपास सात टन, तेही कुणाला भूल न देता.

शनिवारी शेवटची केस झाली की मशीनचे नायट्रस होज भिंतीतून काढा, पाइपलाइनचं प्रेशर लिहा आणि सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करा. मागचा द्रव तुटला की गळती लपत नाही, सोमवारी प्रेशरचा काटा पडलेला दिसेल. न पडल्यास होज जोडून पुन्हा तेच करा. आता पडला तर दोष होज किंवा मशीनमध्ये. साबणाचं पाणी पिगटेलच्या (सिलिंडरच्या जोडनळीच्या) नटाला आणि भिंतीतल्या आउटलेटच्या वॉशरला लावून बघा. तेल-ग्रीस मात्र कुठंच नको.

खरं तर दोन ओटींना मॅनिफोल्ड (मोठे सिलिंडर जोडून पाइपलाइन भरणारी व्यवस्था) हवाच कशाला? मशीनच्या योकला (सिलिंडर बसवायच्या पकडीला) छोटा ए टाइप सिलिंडर लावा, केस संपली की चावीनं बंद.

सोडालाइम:
सेवोचं गणित: तासाला लागणारे मिली = ३ × फ्लो (मिनिटाला लिटर) × टक्के. बेनवर ६० किलोच्या पेशंटला मिनिटाला ७० मिली प्रति किलोनं ४.२ लिटर, २ टक्क्यांवर तासाला २५ मिली. सर्कलवर १ लिटर फ्लोनं ६. अडीचशेची बाटली १० तासांऐवजी ४० तास पुरते.

पण सर्कलवर कमी फ्लोनं नायट्रस देऊ नका, निदान ॲनालायझर दुरुस्त होईपर्यंत तरी. शरीर मिनिटाला २००-२५० मिली ऑक्सिजन ओढतं, नायट्रस आत साचतो, आणि फ्लोमीटरवर सगळं ठीक दिसत असताना मिश्रण हायपॉक्सिक होतं. नुसता ऑक्सिजन आणि सेवो ठेवा. नायट्रस साधारण अर्ध्या मॅकचं (मॅक म्हणजे भुलीच्या वायूची ताकद मोजायचं माप) काम करत होता, ती भरपाई ब्लॉक (नस बधिर करणं), ओपिऑइड (वेदनाशामक) आणि सेवोच्या डायलनं करावी लागेल.

पहिली ८-१० मिनिटं ४ लिटर, मग १. डायल थोडा चढा ठेवा, कारण कमी फ्लोला आतलं प्रमाण डायलपेक्षा कमी असतं. पेशंट हलका वाटला तर फक्त डायल फिरवून भागत नाही, फ्लोही वाढवा. गॅस मॉनिटर नसताना १ लिटरखाली उतरू नका.

आधी लीक टेस्ट. वाय-पीस (सर्किटचं पेशंटकडचं टोक) आणि एपीएल (जादा वायू सोडणारा व्हॉल्व्ह) बंद, ३० सेंमी पाण्याइतकं प्रेशर. ते टिकवायला मिनिटाला १५० मिलीहून जास्त ऑक्सिजन लागला तर कॅनिस्टरचं गॅस्केट उघडून बघा. बहुतेकदा सोडा लाइमचा (कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) दाणा अडकलेला असतो. रात्रभर ऑक्सिजन चालू राहिला तर सोडा लाइम वाळतो. मग आयसोबरोबर (आयसोफ्लुरेन) कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, सेवोबरोबर उष्णता. शंका आली तर सरळ बदला. रंगावरही विसंबू नका, ठेवून दिला की रंग परत येतो. कॅप्नोची बेसलाइन शून्यावरून उचलली की सोडा लाइम संपला.

उदगीरकर_भूल:
आणि स्कॅव्हेंजिंग (वाया जाणारा वायू ओटीबाहेर नेणारी व्यवस्था) बसवलं तर?

सोडालाइम:
बसवा, पण ओटीतल्या माणसांसाठी. वायू खिडकीबाहेर जातो, वातावरणाला फरक शून्य. इंट्युबेशनला मास्क काढताना फ्लो बंद करा, व्हेपोरायझर (सेवोची वाफ करणारं उपकरण) चालू राहू द्या. त्यानं जास्त वाचेल.

उदगीरकर_भूल:
शनिवारी होज काढतो. आडतीवरून वजनकाटा मागवलाय.

पाइपलाइनवाला:
सिलिंडर उभाच तोला, साखळी बांधून. रिकाम्याचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं, ते वजा करा.