मदत हवी आहे: हवा भरायची स्वस्त कयाक घ्यायची आहे, कुठली आणि सोबत काय काय?

काठावरून:
नमस्कार मंडळी. दोघांसाठी हवा भरून वापरायची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घ्यायची आहे आणि आठवडाभर तुलना करून डोकं भणभणलं आहे. हिशेब असा: वजनं ८२ आणि ६१ किलो. एकाला नीट पोहता येतं, दुसऱ्याचं पोहणं जेमतेम. पुण्यात फ्लॅट, गाडी छोटी हॅचबॅक, टपावर कॅरिअर नाही. म्हणजे कडक प्लास्टिकची कयाक बाद. वापर हिवाळ्यात सुट्टीच्या सकाळी, धरणाच्या शांत पाण्यात. वर्षातून एकदोनदा कोकणात खाडीत. बजेट सगळं धरून वीस-बावीस हजार.

इंटेक्सची एक्सप्लोरर के-२ जवळपास ठरवली आहे. कमाल भार १८० किलो लिहिलाय, म्हणजे आमचे १४३ आरामात बसावेत ना? हवा किती भरायची, आणि टायरचा पंप घरात आहे तो चालेल का? पंक्चर झाली तर सायकलवाल्याकडे काम होईल का? आणि बजेटमधले किती पैसे कयाकवर घालावेत?

वल्हेकर:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. सगळे पैसे कयाकवर घालू नका. आधी दोन चांगली जॅकेटं, मग बरं वल्हं, आणि उरलेल्यात कयाक. लोक नेमकं उलटं करतात आणि शेवटी जॅकेटसाठी हजार रुपये शिल्लक राहतात.

१८० किलो ही बुडण्याच्या अलीकडची रेघ समजा. नीट वल्हवता यावी असं वाटत असेल तर कमाल भाराच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे १३५ किलोच्या आसपास. तुम्ही दोघं १४३, त्यात जॅकेटं, पाणी, डबा, पंप धरून दहा किलो. दीडशे पार. बुडणार नाही, पण मध्ये पाळण्यासारखी वाकेल, बूड पाण्यात खोल जाईल आणि प्रत्येक वल्ह्याला जड लागेल. शिवाय लांबी ३१२ सेंटीमीटर. त्यात दोन मोठी माणसं बसली की मागच्याचे पाय पुढच्याच्या सीटला टेकतात आणि वल्ही एकमेकांवर आपटतात. उपाय एकच: पुढचा लय धरणार, मागचा मुकाट्याने त्याच बाजूला, त्याच क्षणी वल्हं घालणार. नवरा-बायको असाल तर हे आधी जमिनीवर ठरवून घ्या.

त्याच कंपनीची चॅलेंजर के-२ लांब आहे, ३५१ सेंटीमीटर, पण रुंदी ७६. एक्सप्लोररची ९१. लांब-अरुंद ती सरळ आणि जलद जाते, रुंद ती कमी डुगडुगते. तुमच्यापैकी एकाचं पोहणं कच्चं आहे, म्हणून मी रुंद घ्या म्हणेन, आणि हळू जाण्याची तयारी ठेवा म्हणेन.

कुठलीही घेतलीत तरी एवढं बघा: हवेचे कप्पे किमान तीन हवेत (दोन बाजू आणि तळ), म्हणजे एक गेला तरी उरलेल्यांवर काठ गाठता येतो. स्केग, म्हणजे तळाला मागच्या बाजूला लावायचा पंख, खोक्यात आहे ना ते बघा. तो नसेल तर प्रत्येक वल्ह्याला नाक डावीकडे-उजवीकडे झुलतं आणि अर्धी ताकद सरळ राहण्यातच जाते.

पाणकावळा:
हवेबद्दल मी लिहितो, कारण स्वस्त कयाक पाण्यापेक्षा हवेनेच जास्त मरते.

या व्हिनाइलच्या, म्हणजे लवचीक प्लास्टिकच्या कयाकमध्ये दाब फार कमी असतो. गाडीच्या टायरमध्ये तीसच्या पुढे पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), इथे एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तोच पाळा. काही मॉडेलांच्या अंगावर पट्टी छापलेली असते. हवा भरेल तशी ती ताणली जाते, सोबतच्या मापपट्टीशी जुळली की थांबायचं. महागड्या ड्रॉप-स्टिच तळाच्या (आतले दोन थर धाग्यांनी जोडलेले, म्हणून फुगल्यावर फळीसारखा कडक) कयाकमध्ये आठ-दहा पीएसआय भरतात, ते व्हिडिओ बघून इथे तसं करू नका. शिवण उकलेल.

टायरचा पंप नको. तो जास्त दाबाची पण थोडी हवा देतो. इथे शेकडो लिटर हवा थोड्या दाबाने हवी आहे. अर्धा तास घरघरून तापेल, नळी व्हॉल्व्हला बसणार नाही आणि त्याच्या काट्यावर एक पीएसआय वाचताही येणार नाही. गादीत हवा भरायचा विजेचा पंप चालतो, पण तो आकार येईपर्यंतच. शेवटचा ताण हातपंपानेच द्यायचा. खोक्यात बहुधा हातपंप येतोच.

क्रम: सावलीत ताडपत्री अंथरा, त्यावर कयाक उलगडा. स्केग आत्ताच लावा, पूर्ण फुगल्यावर तो खाचेत सरकवताना बोटं सोलतात. मग दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या, मग तळ, मग परत बाजू पूर्ण. पुस्तिकेत कप्प्यांना क्रमांक असतील तर तो क्रम धरा. एक कप्पा टम्म आणि शेजारचा रिकामा असं कधी करू नका, मधल्या शिवणीवर सगळा ताण एका बाजूने येतो.

बोस्टन व्हॉल्व्ह, म्हणजे हवा भरायचं-सोडायचं तोंड, नीट समजून घ्या. त्यात दोन फिरकी असतात. वरचं झाकण उघडलं की आत एकाच दिशेला उघडणारा रबरी पडदा दिसतो, हवा तिथून भरायची. खालचं मोठं बूच फिरवलं की सगळा व्हॉल्व्हच निघतो आणि हवा भसकन बाहेर येते. ते फक्त घरी निघताना. गळतीच्या दहा तक्रारींत निम्म्या या पडद्याखाली अडकलेल्या वाळूच्या कणाच्या असतात. ओल्या बोटाने पुसा, झालं.

आता उन्हाचं. सकाळी पंधरा अंशांना कयाक एक पीएसआय भरली आणि काठावर ठेवून चहाला गेलात. आतली हवा पंचेचाळीस अंशांवर गेली तर साधारण दहा टक्के दाब वाढतो. दहा टक्के ऐकायला किरकोळ, पण ते एकूण दाबाचे, म्हणजे वातावरणाचे पावणेपंधरा धरून. व्हिनाइल थोडं ताणून काही दाब खाईल, तरी काट्यावर एकाचे अडीच व्हायला तेवढं पुरतं. म्हणून काठावर ठेवायची असेल तर थोडी हवा सोडा, नाहीतर अर्धी पाण्यात राहू द्या. उलटंही होतं: थंड पाण्यात उतरवली की दहा मिनिटांत मऊ लागते. ती गळती नव्हे. काठाशी परत या, चार पंप मारा आणि निघा.

नवी कयाक पहिल्यांदा घरात फुगवून चोवीस तास ठेवा. व्हिनाइल थोडं ताणतं, सकाळी किंचित सैल वाटेल. हात लावल्यावर खड्डा पडत असेल तर मात्र साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा आणि बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत बोला.

काठावरून:
टायरचा पंप रद्द. जॅकेट कुठलं? रिसॉर्टमध्ये देतात तसलं केशरी?

वल्हेकर:
तसलं नको, त्यातला फोम दबून पापड झालेला असतो. लेबलवर न्यूटन बघा, म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगवतं त्याचं माप. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ, मदत हाताशी असताना. जेमतेम पोहणाऱ्याला १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं घ्या. वल्हवताना जरा जाड वाटेल, वाटू द्या. घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. जॅकेट कयाकमध्ये ठेवायचं नसतं, अंगावर असतं.

बाकी फुटकळ: जॅकेटला अडकवलेली शिट्टी, फोनसाठी गळ्यातली जलरोधक पिशवी, पुढे बांधायला आठ-दहा मीटर पॉलीप्रॉपिलीनची दोरी. ती तरंगते, नायलॉनची बुडते. स्वतःला दोरीने कयाकशी बांधू नका.

डोहकाळा:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या स्वस्त कयाक म्हणजे तरंगत्या गाद्या. त्यापेक्षा पैसे साठवून ड्रॉप-स्टिच घ्या.

पाणकावळा:
डोहकाळा, वेगाबद्दल सहमत. पण ज्यांना अजून हे आवडेल का हेच माहीत नाही, त्यांनी दुप्पट-तिप्पट पैसे का घालावेत? तीस-चाळीस वेळा पाण्यात जाऊन व्हिनाइलची गेली तर पैसे फिटले. मात्र गादी म्हणालात ते वाऱ्याच्या बाबतीत अगदी खरं, त्यावर कुणीतरी लिहा.

देवबागकर:
वाऱ्यावर मी लिहितो.

हवेची कयाक पाण्यावर उंच बसते आणि हलकी असते, म्हणून वारा तिला पानासारखी ढकलतो. शांत पाण्यात नवख्यांचा वेग ताशी तीन किलोमीटरच्या आसपास. समोरून वीसचा वारा आला तर वल्हवत राहूनही जागच्या जागी राहाल. पाण्यावर तुरळक पांढरा फेस दिसायला लागला की वारा बोफर्टच्या मोजणीत ३ वर, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटरवर पोचलेला असतो. त्या दिवशी उतरूच नका, आत असाल तर सरळ जवळच्या काठाला लागा, मग गाडी पलीकडच्या बाजूला का असेना.

जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणतो. काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा. काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं आणि दोनशे मीटर आत गेल्यावर परत येता येत नाही. हिवाळ्यात सातला उतरा, दहाच्या आत बाहेर. मार्च ते मे दुपारी घाटातून पश्चिमेचा वारा धरणांच्या पाण्यावर चांगलाच उतरतो. पहिले पाच-सहा वेळा काठाला समांतर, शंभर-दीडशे मीटरच्या आत राहा.

खाडीत भरती-ओहोटी बघितल्याशिवाय जाऊ नका. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार. हा ढोबळ अंदाज, त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघाच, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत आत जायचं आणि ओहोटी सुरू होताना तिच्याबरोबर परतायचं, पण मुखापासून लांबच थांबायचं. ओहोटीत मुखाकडे गेलात तर समुद्रात ओढले जाल. भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात पळतं. पुनव-अवसेच्या उधाणाला नवख्यांनी घरी राहावं, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते तेव्हा यावं. ओहोटीला उशीर केलात तर समोर गुडघाभर चिखल, आणि खडकांवरची कालवं व्हिनाइल ब्लेडसारखं कापतात.

घाटमाथा:
देवबागकरांना +१. धरणांबद्दल थोडं. पुण्याच्या आसपासचे बहुतेक जलाशय जलसंपदा विभागाचे, मुळशीचा टाटा पॉवरचा. बरेचसे पिण्याच्या पाण्याचे. काठावर बंदीची पाटी असेल तर ती पाटीच अंतिम. नसेल तर विभागाच्या शाखा कार्यालयात आणि गावात विचारून उतरा. खडकवासल्याचा एक काठ एनडीए या लष्करी प्रबोधिनीचा, तिकडे फिरकू नका. भिंत, सांडवा, विजेच्या बोगद्याचं तोंड यांच्यापासून कुठेही लांब. धरणाच्या खालच्या नदीत तर नकोच, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही.

पंक्चरचं मुख्य कारण पाण्यात नसतं, काठावर असतं. बाभळीचा काटा. पाणी ओसरलेल्या गाळात सुकलेल्या फांद्या रुतलेल्या असतात. कयाक ओढू नका, दोघांनी उचलून घोटाभर पाण्यात ठेवा आणि तिथेच बसा. जानेवारीनंतर पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वीतभर पाण्याखाली येतात, स्केग त्यात अडकतो. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली मासेमारीचं जाळं आहे, वळसा घाला. लोकांचं पोट आहे ते.

पाणकावळा:
पंक्चर: सायकलचं सोल्यूशन रबरासाठी असतं, व्हिनाइलवर दोन दिवसांत सोलून निघतं. नळजोडणीचा पीव्हीसी सिमेंटही नको, तो वाळून कडक होतो आणि वाकवलं की तडकतो. लवचीक व्हिनाइलचाच गोंद हवा. हवा पूर्ण काढा, जागा स्पिरिटने पुसा, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, गोल कोपऱ्यांचं ठिगळ छिद्रापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर मोठं कापा. दोन्हीकडे पातळ थर, चिकट होईपर्यंत थांबा, दाबा, वर जाड पुस्तक ठेवून चोवीस तास. भोक शिवणीवर असेल तर ठिगळ फारसं टिकत नाही.

वाळवणं: तळाच्या खोबणीत आणि सीटखाली पाणी राहतं, तसंच गुंडाळलं तर आठवड्यात कुबट वास आणि काळे ठिपके. खाडीहून आलात तर आधी गोड्या पाण्याने धुवा. अर्धी हवा ठेवून सावलीत उभी करा, फडक्याने खोबणी पुसा. मेच्या उन्हात गच्चीवर नको. टाल्कम पावडर भुरभुरवून सैल गुंडाळा, दर वेळी वेगळ्या घडीवर. उंदरांपासून जपा. स्केग काढून सपाट ठेवा, वजनाखाली वाकला तर गरम पाण्यात धरून सरळ करावा लागतो.

वल्हेकर:
एक राहिलंच. उलटल्यावर परत चढायचा सराव छातीभर पाण्यात पहिल्याच दिवशी करा. पलीकडची कडा धरून कयाक सुलटी करा. एकाने एका बाजूने कडा दाबून धरायची, दुसऱ्याने समोरच्या बाजूने पाय मारत पोटावर सरकायचं, आडवं पडायचं, मग वळून बसायचं. हातांच्या जोरावर उभं चढायला गेलात तर ती परत अंगावर येते. किमान पाच वेळा, दोघांनीही. जेमतेम पोहणाऱ्याला हे जमेपर्यंत छातीभर पाण्याच्या पुढे नेऊ नका. जीन्स घालू नका, भिजली की चढणं दुप्पट अवघड.

काठावरून:
खूप आभार, यादी पूर्ण बदलली. शेवटचा प्रश्न: खोक्यातली ॲल्युमिनियमची वल्ही २१८ सेंटीमीटरची आहेत, ती चालतील? आणि पाती एका रेषेत ठेवायची की तिरकी?

वल्हेकर:
सुरुवातीला चालतील. ९१ सेंटीमीटर रुंदीला २३० बरं पडतं, नाहीतर मनगट कडेला घासतं. आधी एकच बदला, पुढे बसणाऱ्याचं. पाती एका रेषेत ठेवा, तिरकी नंतर. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे आणि दोन कडा असमान असतील तर लांब कडा वर. निम्मे नवखे पातं उलटं धरतात आणि कयाक हळू आहे म्हणतात.