मदत हवी आहे: एकच जनुक प्रोजेनिटर पेशीला विभागायलाही लावतं आणि न्यूरॉनही बनवतं?

पेशीवेडी:
नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. गुरुवारी सेमिनार आहे, उंदराच्या गर्भातल्या मेंदूच्या न्यूरल प्रोजेनिटर पेशींवर, म्हणजे ज्या विभागत राहतात आणि ज्यांच्यापासून न्यूरॉन वगैरे मेंदूच्या पेशी बनतात त्यांच्यावर.

माझं गणित सोपं होतं. शेजारच्या पेशीकडून नॉच या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनाला संदेश आला की हेस१ हे जनुक चालू होतं, ते न्यूरॉन घडवणाऱ्या एएससीएल१ या जनुकाला (जुन्या पुस्तकांतलं मॅश१) दाबून धरतं, पेशी प्रोजेनिटरच राहते. हेस१ हटलं की न्यूरॉन. मग क्योटोच्या कागेयामांच्या गटाचं २०१३चं काम वाचलं आणि सगळं मुसळ केरात! एएससीएल१ विभागणाऱ्या पेशींतही सापडतं, आणि विभाजनाला ते लागतंही म्हणे. शिवाय स्लाइडवर काही पेशींत हेस१ ठळक, काहींत फिकट. या दोन जातीच्या पेशी का? सरांना विचारलं तर म्हणाले, ‘दोन्ही लिहून टाक.’

जुना मायक्रोस्कोप:
जात एकच. तू झोपाळ्याचा फोटो बघते आहेस. एक वर, एक खाली, पण हलतायत सगळेच.

हेस१ प्रथिन स्वतःच्याच जनुकाच्या प्रमोटरवर (जनुक चालू-बंद होण्याची जागा) बसून ते बंद करतं. त्याचा आरएनए आणि प्रथिन दोन्ही अल्पायुषी, त्यामुळे प्रथिन संपलं की जनुक पुन्हा सुरू. दोन-तीन तासांचा एक झोका. हेस१ वर तेव्हा एएससीएल१ खाली, म्हणून तेही हलत राहतं. रंगवलेल्या मृत ऊतीत हे कधीच दिसलं नसतं. जिवंत पेशींत ल्युसिफरेज (प्रकाश देणारं विकर) घालून बघितलं तेव्हा कळलं.

आता तुझा मुख्य प्रश्न. कागेयामांच्या गटाने निळ्या प्रकाशाने एएससीएल१ हवं तेव्हा चालू केलं. साधारण तीन-तीन तासांनी झोत दिले तर पेशी विभागत राहिल्या, एएससीएल१ सतत चालू ठेवलं तर न्यूरॉन झाल्या. प्रथिन तेच, लय वेगळी.

पेशीवेडी:
अरे देवा, म्हणजे हेस१ ब्रेक, एएससीएल१ ॲक्सिलरेटर दाखवणाऱ्या पाचही स्लाइड रद्द. पण हेस१च टिकून राहिलं तर?

जुना मायक्रोस्कोप:
ॲस्ट्रोसाइट, म्हणजे न्यूरॉनला आधार देणारी पेशी. ऑलिग२ हे तिसरं जनुक टिकलं तर ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे न्यूरॉनच्या तंतूंवर आवरण चढवणारी पेशी. प्रोजेनिटरमध्ये तिघंही हलत असतात, जो टिकतो त्याची पेशी. आणि डेल्टा विसरू नकोस: एएससीएल१ डेल्टा-लाइक१ (नॉचला संदेश देणारं प्रथिन) चालू करतं, त्यातून शेजारच्या पेशीचं नॉच जागं होतं. एकटी पेशी काढून दाखवलीस तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

पेशीवेडी:
काढते, दोन पेशी शेजारी-शेजारी. पण मग गर्भात, जिथे निळा दिवा नाही, तिथे झोका थांबवतं कोण? कुणी वाचलं असेल तर बुधवारपर्यंत सांगा.