पाळी गेल्यानंतर गर्भाशयाच्या अस्तराची जुनाट सूज : पिशवी काढावी की थांबावे?

माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या असून त्यांची पाळी जाऊन १६ वर्षे झाली आहेत. गेले तीन महिने त्यांच्या अंगावरून पिवळट, घाण वासाचे आणि मधूनच लालसर जात होते. पण त्यांनी ते कोणालाच कळू दिले नाही, पहाटे उठून आपले परकर आपणच धूत राहिल्या. दोरीवरच्या परकरावर न निघालेला तपकिरी डाग मला दिसला, तेव्हा कुठे विषय निघाला.

सोनोग्राफीत अस्तर १४ मिलिमीटर जाड आणि पिशवीत पाणी साठलेले दिसले. या वयात रक्तस्राव होत असेल आणि अस्तर ४ मिलिमीटरहून जाड असेल, तर ते तपासणीला पाठवावेच लागते, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरात सर्वांनी कर्करोगच गृहीत धरला. प्रत्यक्षात पिशवीचे तोंड वयोमानाने आक्रसून जवळजवळ बंद झाले होते आणि आत पाणी नव्हे, पू होता. तो काढून, अस्तर खरवडून प्रयोगशाळेत पाठवले.

अहवालात ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस एंडोमेट्रायटिस’, म्हणजे अस्तराची एक प्रकारची जुनाट सूज, असे निदान आहे. मला समजले ते असे, की वाट बंद झाल्याने आत अडकलेल्या रक्तातले आणि मृत पेशींमधले मेद गिळून फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या भक्षक पेशी अस्तराची जागा घेतात. या पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या भासू शकतात, म्हणून विशेष तपासण्या केल्या : सीडी-६८ (भक्षक पेशींची खूण) पॉझिटिव्ह, सायटोकेराटिन (अस्तराच्या आणि त्यातून होणाऱ्या कर्करोगाच्या पेशींची खूण) निगेटिव्ह, म्हणजे त्या भक्षक पेशीच आहेत. क्षयाचे जंतूही आढळले नाहीत.

तरीही डॉक्टर पिशवी काढण्याचा सल्ला देतात. खरवडून आलेला नमुना म्हणजे संपूर्ण अस्तर नव्हे, लगतच कर्करोग दडलेला असू शकतो. शिवाय तोंड पुन्हा आक्रसले तर पू पुन्हा साठेल आणि क्वचित पिशवी फुटून तो पोटात पसरेल, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. अडचण अशी, की सासूबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.१ टक्के आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, आणि त्या एकच विचारतात, “कर्करोग नाही ना? मग पिशवी कशाला काढायची?”

कोणाच्या घरी हेच निदान होऊन केवळ पू काढून आणि प्रतिजैविकांवर भागले आहे का? तसे असल्यास पुढे किती दिवसांनी सोनोग्राफी केली, आणि पू पुन्हा साठला का? नमुन्याच्या काचपट्ट्या आणि मेणातले ठोकळे प्रयोगशाळेकडून मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत कोणी घेतले असेल, तर ते सहज मिळाले का? येथे कोणी स्त्रीरोगतज्ज्ञ असतील, तर हृदयरोग असलेल्या रुग्णाच्या भुलेविषयी आम्ही आधी काय विचारून ठेवावे, हेही सांगावे. काढे आणि चूर्णे कृपया सुचवू नयेत. ती नातेवाइकांनी भरपूर सुचवली आहेत.

प्रतिजैविकांचा कोर्स शुक्रवारी संपतो आहे, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी आमचा निर्णय हवा आहे.