इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या सकाळी नाश्त्याला नेमकं काय असतं?

ट्रेंटकाठची:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नॉटिंगहॅमला असतो. यंदा ऑफिसातल्या मैत्रिणीने ख्रिसमसला तिच्या आईकडे लिंकनशायरला बोलावलंय, २४ च्या संध्याकाळी गाडीने जायचं आणि २६ ला परत. दुपारची टर्की, भाजलेले बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स वगैरे माहितीये, पण ती सहज बोलून गेली की सकाळी नेहमीप्रमाणे पोर्क पाय (pie, म्हणजे पिठाच्या कवचात डुकराचं मांस भरून भाजलेला) असेल, तोही थंडच. मला वाटायचं सगळीकडे स्मोक्ड सॅमन आणि स्क्रॅम्बल्ड एग्ज असतात, जाहिरातीत तर तेच दाखवतात. हे फक्त त्यांच्या घरचं आहे की त्या भागातलंच? आणि नवरा शाकाहारी आहे, अंडं चालतं, त्याला त्या टेबलावर काय मिळेल? आणि जाताना काय न्यावं, रिकाम्या हाताने जायचं नाहीये.

मेल्टनजवळचा:
त्यांच्या एकट्यांच्या घरचं नाही हो, अख्ख्या पट्ट्याचं आहे! लेस्टरशायर, नॉटिंगहॅमशायर, लिंकनशायर आणि वर यॉर्कशायरपर्यंत कितीतरी घरांत ख्रिसमसची सकाळ पोर्क पायनेच सुरू होते. लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रे गावात डिकिन्सन अँड मॉरिसचं १८५१ पासूनचं दुकान आहे, तिथे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी अंधार असतानाच रांग लागते, आणि त्या थंडीत लोक अगदी खुशीत उभे असतात.

कारण सरळ आहे. पूर्वी घरचं डुक्कर थंडी पडली की कापायचे, मागच्या तंगड्यांचं हॅम आणि पोटाचं बेकन मिठात जायचं, आणि जे ताजं मांस उरायचं त्याचे पोर्क पाय व्हायचे. या भागात स्टिल्टन चीज बनतं, ते करताना जे पाणी सुटतं ते डुकरांना घालायचे, म्हणून डुकरंही भरपूर होती. पाय भाजून झाला की वरच्या भोकातून हाडांचा रस्सा ओततात, तो आत गोठून जेली होते आणि मांस व कवचामधली हवेची जागा भरून निघते, त्यामुळे पाय टिकायचा. शिवाय २५ ला सकाळपासून ओव्हन टर्कीने अडवलेला असतो, मग थंड पोर्क पायसारखं सोयीचं दुसरं काय.

कापताना नीट बघा: बाहेर लार्डचं (डुकराच्या चरबीचं) जाड खरपूस कवच, मग जेलीचा पातळ थर, मग मांस. मेल्टनचा असेल तर मांस राखाडी दिसेल, कारण ते खारवलेलं नसतं, आणि साच्याशिवाय भाजल्यामुळे बाजू फुगलेल्या असतात. २००९ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, ठरलेल्या भागात बनलेल्यालाच मेल्टन मोब्रे म्हणता येतं. पण लिंकनशायरला जाताय तर पोर्क पाय नेऊ नका, तिथे प्रत्येक घराचा आपला बुचर ठरलेला असतो आणि ऑर्डर कधीच देऊन झालेली असते.

लीड्सची ताई:
आमच्या यॉर्कशायरमध्येही पोर्क पाय आहेच, पण मला जास्त आवडतं ते ख्रिसमस केकबरोबर वेन्स्लीडेल चीज. गोड, ब्रँडी मुरलेला काळा केक आणि त्यावर जरासं आंबूस, भुसभुशीत चीज, ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा खाऊन बघाच. पूर्वी इथे ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी फ्रुमेंटी करायचे, अख्खा गहू भिजवून मंद आचेवर फुलवायचा आणि मग दूध, मसाले, साखर घालून शिजवायचा, म्हणजे जवळजवळ आपली गव्हाची खीरच. आता फार कमी घरांत होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सॅमनचं म्हणाल तर ते अलीकडचं. स्कॉटलंडमध्ये सॅमनची शेती वाढली तसा तो स्वस्त झाला आणि सुपरमार्केटमुळे सगळीकडे पोचला. सोबतचं बक्स फिझ, म्हणजे शॅम्पेन आणि संत्र्याचा रस, तेही लंडनच्या बक्स क्लबमधलं, १९२१ चं. छान लागतं, पण त्यावरून घर कुठल्या भागातलं ते कळत नाही, पोर्क पायवरून कळतं.

कॉर्नवॉलवासी:
इकडे नैऋत्य टोकाला केशराचे बन आणि केशराचा केक, बेदाणे घातलेला पिवळाधमक, लोण्याबरोबर. ख्रिसमसला बेकऱ्यांत हमखास असतो. मी आधी वायव्येला कंब्रियात होतो, तिथली जुनी गोष्ट म्हणजे हॅकिन: खिमा, चरबी, ओट्स, सुका मेवा भरून उकडलेला जाडजूड सॉसेज, खास ख्रिसमसच्या नाश्त्याचा. तो उजाडायच्या आत शिजलाच पाहिजे अशी रीत होती, नाहीतर स्वयंपाक करणाऱ्या मुलीला दोन तरुण हाताला धरून बाजारात धावायला लावायचे, असं अठराव्या शतकातल्या लिखाणात आहे. ती रीत गेली ते बरंच झालं, पण हॅकिनही गेला.

लिंकनकर:
मी लिंकनलाच असते, म्हणून नवऱ्याचं सांगते. पोर्क पाय सोडून टेबलावर हॅस्लेट असेल, म्हणजे सेज नावाचा सुगंधी पाला घातलेला पोर्कचा लोफ, आणि नशीब असेल तर स्टफ्ड चाइन: खारवलेल्या पोर्कला खोल चिरा देऊन त्यात पार्सली ठासून भरतात, उकडतात, थंड झाल्यावर काप करतात, गुलाबी-हिरवे पट्टे दिसतात. वर व्हिनेगर. तुम्ही खात असाल तर आवर्जून घ्या, आता मोजक्याच बुचरांकडे मिळतो.

नवऱ्यासाठी प्लम ब्रेड. सुका मेवा घातलेला ब्रेड, लोणी लावून आणि वर चीज ठेवून खातात. पण सावध, पारंपरिक प्लम ब्रेडमध्ये लार्ड असतं! पाकिटावर वाचा किंवा बेकरीत विचारा, लोण्याचाही मिळतो. चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते वासराच्या पोटातलं द्रव्य) आहे का तेही बघा, आणि मिन्स पाय (सुक्या मेव्याचे छोटे गोड पाय) असतील तर त्यातलं सुएट गुरांच्या चरबीचं आहे की वनस्पतीचं ते. मैत्रिणीला आत्ताच मेसेज करा, त्या सकाळी तिच्या आईची धांदल असणार, ऐनवेळी विचारू नका.

न्यायला पिकलिलीची (मोहरी-हळदीतल्या भाज्यांच्या आंबट लोणच्याची) चांगली बरणी बेस्ट, पोर्क पायबरोबर लागतेच. आणि खरेदी २४ ला दुपारपर्यंत उरका. २००४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं ख्रिसमसला उघडता येत नाहीत, छोटी असतात उघडी कुठेकुठे पण तिथे प्लम ब्रेड मिळणार नाही.

ट्रेंटकाठची:
लार्डचं लक्षातच आलं नसतं, खूप आभार ताई. मैत्रिणीला मेसेज केला, ती म्हणाली आई प्लम ब्रेड घरीच करते, आता यंदा एक लोण्याचा वेगळा करेल. पिकलिली आम्ही नेतोय. स्टफ्ड चाइन असतो का तेही विचारलंय, उत्तर आलं की सांगते.